लांब लायनर कुठल्या बाजूला?

पुसदच्या डोंगरउतारावर जुनी जीप थांबते ती ब्रेक-ड्रममधल्या दोन शूंवर; एकाचे लायनर (घर्षणपट्टी) लांब, दुसऱ्याचे आखूड. ‘लांब लायनर पुढे’ हा ठोकताळा जीपला लागू पडतो, कारण तिथे दोन्ही शू खाली पक्क्या पिनांवर टेकतात आणि फिरणारा ड्रम पुढच्या शूला ओढून घेतो. जास्त काम हा पुढचा शूच करतो. पण खालची टोके मोकळी असलेल्या रचनेत पुढचा शू मागच्याला रेटतो, भार मागच्यावर जातो. तिथे लांब लायनर मागेच हवे. ‘उलटे बसवले तरी गाडी थांबतेच की!’ असे कोणी म्हणेल. थांबते; सपाटीवर, रिकामी असताना. भरल्या गाडीत उतारावर मात्र आखूड लायनर तापते, लवकर झिजते. म्हणून एका वेळी एकच चाक उघडा, दुसरे नमुन्याला राहू द्या (तेही आधीच उलटे नसेल तर!).