बाहुलीच्या लग्नाचा सिनेमा

अगं, तुझ्या बाहुलीचं लग्न पुन्हा ठरलंय! नवरदेव तोच, माझा बाहुला. या वेळी तरी वरमाय म्हणून मला थोडा मान दे बाई. तेव्हा तू माझ्या वऱ्हाडाला चुरमुऱ्यांवर बोळवलं होतंस.

भाची सुट्टीला माधव नगरला आलीय आणि तिने एकेक फोटो काढून वस्तू हलत्या करायचा ध्यास घेतलाय. कपाटावरून भातुकलीचा डबा निघाला, आणि आता आमचं जेवणाचं टेबल कागदांनी भरलंय. प्रसंग आखणं चाललंय.

तुला सांगते, या आखण्यात फार रंगायला होतं. एका सेकंदाला 12 फोटो असा हिशेब धरलाय. अंतरपाट सरकायला सहा सेकंद, म्हणजे 72 फोटो, आणि दर फोटोला रुमाल किंचितच ओढायचा. आरंभी अगदी थोडा, मध्ये जरा जास्त, शेवटी पुन्हा थोडा, नाहीतर कुणी हिसकावल्यासारखा दिसतो. मग बाहुली नुसतीच बघत राहणार. तिथे एकच फोटो पुन्हा पुन्हा लावायचा. "ती लाजतेय, तिला वेळ दे," असं भाचीने कागदावर लिहूनच ठेवलंय.

अक्षतांचं कोडं मात्र रात्रभर सुटेना. हवेतले तांदूळ थांबणार कसे? शेवटी मंडप उभा न करता जमिनीवर लाल चादरीवर आडवाच मांडायचं ठरलं. फोन वरून, शिडीला बांधलेला. मग एकेक दाणा चिमट्याने खाली सरकवायचा. उन्हातही काही घ्यायचं नाही. आपण वेधशाळेत सम्राट यंत्रावरची सावली बघत बसायचो ना, तीच इथे घात करते. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, आणि आमचे 72 फोटो व्हायला अख्खी दुपार. पडदे ओढून एकाच दिव्यात काम.

भाचीला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या अंतराने टिपलं आणि 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. तो पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज'ही केला. आपल्या देशातल्या या कामाचा उगम अशा एका कुंडीत आहे, याचा मला केवढा अभिमान वाटतो! भाचीने लगेच स्वयंपाकघरातली आगपेटी पळवली. वरातीत मशाली हव्यातच म्हणे.

आणि पाहुणे कोण, ठाऊक आहे? आपली सगळी माणसं. जुन्या अल्बममधल्या फोटोंच्या प्रती फ्रीगंजमधून काढून आणल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या, कापल्या आणि खांद्याला, कोपराला दोऱ्याने सांधे दिले. दोन वेण्यांचा, तोंड उघडं असलेला तुझा फोटो पंगतीत पहिल्या पानावर बसलाय. लाडू थेट आत जातो! वरातीच्या मागे टॉवरचा फोटो, आणि त्याच्या घड्याळाला पुठ्ठ्याचे काटे. ते गर्रकन फिरले की लग्नघरात संध्याकाळ होणार.

आजीचाही फोटो घेतलाय, वाटी हातात धरलेला. चाचणी म्हणून तिचा हात कोपरात जरासा वाकवला, चार फोटो काढले आणि लावून पाहिले. अगं, ती वाढत होती! वरण वाढताना पुढे झुकायची ना, अगदी तशी. मी ते चार फोटो किती वेळ मागेपुढे करत बसले. तेव्हाच ठरवलं, पंगतीचा प्रसंग सगळ्यांत लांब ठेवायचा. वरात कापली गेली तरी चालेल.

आता तुझं काम. मंगलाष्टकांचा आवाज आधी हवा, म्हणजे त्यावर सेकंद मोजून फोटो ठरवता येतील. पूर्वीसारखीच म्हण, 'सावधान' भलतंच लांबवून. तेवढ्यात आमचा अंतरपाट आरामात सरकेल. तुमच्याकडे रात्र झाली की पंखा बंद करून ध्वनिमुद्रण कर आणि रविवारपर्यंत पाठव. आणि हो, मुलीकडून रुखवत काय देणार, तेही कळव. भाचीला फोटो काढायचेत.