चौऱ्याऐंशी टक्क्यांची पंचाईत

मार्क कमी पडले की आर्ट्स, हा आमच्या पुलगावचा अलिखित कायदा आहे. त्यामुळे बारावी सायन्सला ८४ टक्के मिळवलेली माझी पुतणी जेव्हा म्हणाली, "मी बी.ए. करणार," तेव्हा घरात कोणीतरी नापास झाल्यासारखी शांतता पसरली.

"मला गणितच शिकायचंय, बाबा. बी.ए.लाही गणित घेता येतं. जोडीला मराठी मिळतं. तिकडे केमिस्ट्री गळ्यात पडते."

"गणित? आणि बी.ए.?" श्रीखंडावर कोणी ठेचा मागावा, तसा आमच्या दादांचा चेहरा झाला.

दादांचंही चुकत नव्हतं म्हणा. आमच्या गावाच्या नावातच पूल. आगगाडी, कापडगिरणी आणि दारूगोळ्याचा डेपो यांवर ज्या गावाचं पोट भरलं, ते सायन्सला मान देणारच. एरवी दोन्ही पदव्यांचा उपयोग गाव सारखाच करून घेतं. सायन्सवाल्याला फ्यूज बांधायला बोलावतात, आर्ट्सवाल्याला लग्नपत्रिकेचा मजकूर लिहायला. पैसे दोघांनाही देत नाहीत.

"सायन्सवरून आर्ट्सला केव्हाही येता येतं. आर्ट्सवरून सायन्सला जाता येत नाही," दादा म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

"पण परत जायचंच नसेल तर?" पुतणी म्हणाली. हाही बिनतोडच.

मग मी जयंत नारळीकरांना मध्ये घातलं. १९५७ साली ते बनारसला बी.एस्सी. झाले. पुढे केंब्रिजला गणित शिकले, १९५९ साली सीनिअर रँग्लर ठरले, आणि तिथली त्यांची पदवी कोणती? तर बी.ए.! त्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाराही पहिल्या पदवीला बी.ए.च होतो. शिवाय या खगोलशास्त्रज्ञाला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो मराठी आत्मचरित्राबद्दल. माझ्या मते खटला इथेच निकालात निघायला हवा होता. पण शेजारचे बापू तंबाखू मळता मळता म्हणाले, "म्हंजे बी.एस्सी. करूनबी शेवटी बी.ए.च व्हा लागलं नं त्यायले?"

केंब्रिज विद्यापीठाचा इतका दारुण पराभव पुलगावखेरीज कुठे झाला नसेल.

रात्री ओट्यावर दादा हळूच म्हणाले, "लोक काय म्हणतील सांगू? पोरीवर खर्च नको, म्हणून बापानं आर्ट्सला घातली."

मी गप्प राहिलो. आमच्या दोन्ही बहिणींना आर्ट्सला घातलं होतं ते नेमकं त्याचसाठी. प्रॅक्टिकलची फी आम्हां भावांकरता राखून ठेवलेली. धाकटीला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क असत. तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी विषय काढला नाही.

"हिला तर आपण विचारतोय ना," मी म्हणालो.

"हो," दादा म्हणाले, "आणि ही उत्तर देते, तीच तर पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फॉर्म भरला गेला. फी दादांनी स्वतः भरली आणि पावतीची प्रत काढून कपाटात नीट ठेवली.

आता बाजारात कोणी "पोट्टी काय करून राह्यली?" असं विचारलं, की दादा छाती काढून सांगतात, "गणितात करते आहे."

"बी.एस्सी.?"

"गणितात," दादा पुन्हा सांगतात, आणि पिशवीतली वांगी दाखवून भाव विचारतात.