दांडिया बाजार ते मांडवी

बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवावयाचा, कमाटीबागेतून फिरवावयाचे, कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे दाखवावयाची आणि संध्याकाळी लिल्या चिवड्याचा पुडा हाती देऊन गाडीत बसवून द्यावयाचे, हा आम्हां बडोदेकरांचा ठरलेला पाहुणचार. त्यात जुने शहर सहसा येत नाही. खरे सांगावयाचे तर विश्वामित्रीपलीकडच्या नव्या वसाहतीत राहावयास गेल्यापासून आम्हीही तिकडे लग्नाचे कापड, चांदीची भांडी अशा कारणापुरतेच जात होतो.

यंदा मात्र तसा योग आला, आणि तो फारसा आनंदाचा नव्हता. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याचा व्यवहार ठरला. सात भागीदारांपैकी सहांच्या सह्या झाल्या होत्या, सातवी तेवढी आमची राहिली होती. ही वार्ता आमच्या काकूंच्या कानी घातली, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सही करायची तर करा. पण त्याआधी मला एक दिवस तिकडे घेऊन चला. नुसता वाडा नको, मांडवीपर्यंत सगळं फिरवा."

काकूंचे वय ब्याऐंशी. १९६२ साली साताऱ्याहून सून म्हणून त्या या वाड्यात आल्या. तेव्हा आम्ही उभयता, महाविद्यालयात शिकणारी आमची कन्या आणि काकू असे चौघेजण मार्गशीर्षातल्या एका गार सकाळी निघालो.

आरंभ काकूंच्या इच्छेप्रमाणे खंडेराव मार्केटापासून झाला. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १९०६ मध्ये खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ ही प्रशस्त इमारत बांधली. महापालिकेची कचेरी याच वास्तूत आहे आणि भाजी, फळे व फुले यांचा बाजारही येथेच भरतो. राज्यकारभार आणि कोथिंबिरीची जुडी एका छपराखाली नांदताना पाहावयाची असतील तर येथे यावे. काकूंनी झेंडू आणि शेवंती घेतली. भाव त्यांनी गुजरातीत केला आणि सुटे पैसे मोजले मराठीत. आमच्या पिढ्यांचा संसार असाच दोन भाषांत चालत आला आहे.

तेथून दांडिया बाजार. १७३४ मध्ये गायकवाडांचा अंमल बडोद्यावर कायमचा बसला, आणि पुढे १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत दक्षिणेतून येथे माणसे येत राहिली. त्यांत सरदार, दरकदार, कारकून होते. शास्त्री, वैद्य, कीर्तनकारही होते. त्यांतील कितीतरी घराणी दांडिया बाजार, रावपुरा या भागांत वसली. येथेच प्रोफेसर माणिकराव यांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. येथेच खासेराव जाधवांच्या घरी अरविंद घोष राहिले. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे ते बडोद्याच्या नोकरीत होते, आणि मराठीही येथेच शिकले. पुढे १९०८ च्या जानेवारीत सुरतेचे काँग्रेस अधिवेशन आटोपून ते बडोद्यास आले असता विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना सरदार मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानास बसविले. अरविंदांचे ते दांडिया बाजारातील घर आज अरविंद निवास म्हणून जपलेले आहे. आत पाऊल टाकताच रस्त्यावरचा कोलाहल मागे राहतो. आम्ही तेथे दहा मिनिटे बसलो आणि मग आमच्या वाड्याकडे वळलो.

वाड्याचे वर्णन काय करावे? दिंडीदरवाजा अडकला होता, तो खांदा लावून उघडावा लागला. चौकातली विहीर लोखंडी जाळीने झाकलेली. आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आल्यापासून तिचे महत्त्व ओसरले होते, तरी काकूंच्या लग्नातील घंगाळे तिच्याच पाण्याने भरले होते म्हणे. आमच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्यांचे कुलूप उघडले. तुळया वाळवीने पोखरल्या होत्या, एका कोपऱ्यात आभाळ दिसत होते. काकूंनी माजघरातल्या रिकाम्या कोनाड्यात शेवंतीची दोन फुले ठेवली. देव तेथून हलवून अठ्ठावीस वर्षे झाली आहेत. आमच्या कन्येने मोबाइलवर छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा काकू तिला म्हणाल्या, "भिंतीचा फोटो काय काढतेस? इथे उभी राहा, म्हणजे चूल कुठे होती ते सांगते." मग त्यांनी चूल, उखळ, बाळंतिणीची खोली, दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवण्याची जागा असे एकेक ठिकाण काठीने दाखविले. मुलगी ऐकत राहिली. जन्मापासून जो वाडा तिने बंदच पाहिला होता, तो त्या अर्ध्या तासात तिच्यापुरता उघडला असावा.

रावपुऱ्याच्या एका गल्लीत तांबेकरांचा वाडा आहे. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांची ही चौमजली लाकडी वास्तू आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून पाहता वाडा साधा वाटतो. अरुंद जिना चढून वर गेले की भिंतीभिंतींवर चित्रे उजळतात. महाभारतातील प्रसंग, कृष्णलीला, आणि मराठे व इंग्रज यांच्या युद्धाची दृश्येसुद्धा. पुराणातल्या रथांच्या शेजारी पलटणींचे शिपाई पाहून नवल वाटते. पण ज्याने ही चित्रे काढविली त्या घराला दोन्ही गोष्टी सारख्याच परिचयाच्या असणार, पोथीतले युद्धही आणि आजोबांनी सांगितलेलेही. रंग कोठे उडाले आहेत, कोठे डोळ्यांत भरतील इतके ताजे आहेत. आपल्यापैकी किती बडोदेकरांनी हा वाडा पाहिला आहे, असा प्रश्न विचारावयास आम्हांस संकोच वाटतो, कारण आम्ही स्वतः तो पन्नाशी उलटल्यावर पाहिला.

काकू एक जिना चढल्या आणि पायरीवर टेकल्या. खांबावरून हात फिरवीत म्हणाल्या, "लाकूड आपल्याकडचंच. आपल्या वाड्याला चित्रं नव्हती, एवढंच." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तरीही आम्ही ओशाळलो. दिवाणाचा वाडा सरकारने राखला. कारकुनाचा वाडा राखावयाचा तर तो कारकुनाच्या नातवांनीच राखावयास हवा होता. छप्पर गळू लागले तेव्हा सात भागीदारांनी एकमेकांना पत्रे लिहिली. कौले कोणीच बदलली नाहीत. त्या सातांत आम्हीही होतो.

रावपुऱ्यात दुलीरामचे पेढे घेतल्यावाचून पुढे जाणे हा अधर्म होय. खवा भाजून तांबूस झालेला हा पेढा तोंडात रवाळ लागतो. पेढे खात आम्ही सुरसागराच्या काठी आलो. तळ्याच्या मध्यावर आता शंकराची उंच मूर्ती उभी आहे, आणि काठावर ते संगीत विद्यालय, ज्याची मुहूर्तमेढ १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या गायनशाळेच्या रूपाने रोवली गेली. खिडकीतून कोणा विद्यार्थ्याचा तबला ऐकू येत होता. एकच कायदा तो पुनःपुन्हा घोळवीत होता, आणि तो साधेपर्यंत काकू कठड्यापाशी हलल्या नाहीत.

पुढे न्यायमंदिर. १८९६ मधील ही भव्य इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुशिल्पज्ञाची. जिल्ह्याची न्यायालये येथे पिढ्यान् पिढ्या चालली. २०१८ मध्ये ती दिवाळीपुऱ्यातील नव्या इमारतीत गेली. समोर लहेरीपुरा दरवाजा आणि त्याला लागून मंगळबाजार, जेथे बांगड्या, ओढण्या, चपला आणि घासाघीस यांस तोटा नाही. दरवाज्यातून आत शिरले की तटबंदीतले शहर सुरू होते. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते जेथे मिळतात, तेथे मांडवीची चौकोनी इमारत उभी आहे. तिच्या प्रत्येक बाजूस तीन कमानी. गेंडीगेटच्या बाजूस संक्रांतीच्या पतंगांची दुकाने आताच सजू लागली होती.

घडियाळी पोळीच्या सराफ्यात कन्येने चांदीची जोडवी पाहिली व केवळ पाहूनच परत ठेवली. पितळी भांड्यांच्या एका दुकानात काकूंनी पुरणयंत्राची चौकशी केली. दुकानदार वृद्ध गुजराती गृहस्थ. त्याने स्वच्छ मराठीत उत्तर दिले, "काकू, बसा. पुरणयंत्र आहे, पण आता घेणारं कोण राहिलंय?" काकूंनी ते घेतले. घरी एक आहे याची आम्ही आठवण दिली, तर म्हणाल्या, "ते माझं. हे हिचं." आमची कन्या गप्प राहिली, पण पिशवी तिने स्वतःच्या हाती घेतली.

मांडवीच्या विठ्ठलमंदिरात उरलेली फुले वाहिली. प्रबोधिनी एकादशीस या विठ्ठलाची मिरवणूक निघते. तिला येथे वरघोडा म्हणतात, आणि दर्शनाला गुजराती व मराठी दोन्ही घरांची गर्दी लोटते. पंढरीस न जाऊ शकलेल्या कितीतरी बायकांची कार्तिकी या रस्त्यावर पार पडली आहे. आमच्या काकूही त्यांतल्याच.

परतताना मध्यवर्ती ग्रंथालयात डोकावलो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालास अमेरिकेहून बोलावून राज्यभर वाचनालयांचे जाळे उभारविले. पोलादी मांडण्या आणि त्यांमधल्या जाड काचेच्या जमिनी, ज्यांतून प्रकाश खालच्या मजल्यावर झिरपतो, या आजही पाहण्यासारख्या आहेत. मराठीच्या विभागात पुष्कळ जुनी पुस्तके शांतपणे उभी होती.

दिवेलागणीस भूक लागली. बडोद्याची सेव-उसळ हा पदार्थ आम्हांस नेहमीच आपल्या समाजाची कथा सांगतो असे वाटते. उसळ आपली. वाटाण्याच्या पातळ रश्शावर कुरकुरीत सेव पडली, वर हिरवी पात आणि झणझणीत तर्री आली, जोडीला पाव आला, आणि तिचे नाव मराठी की गुजराती हे विचारण्याचे कोणास कारण उरले नाही. गाडीवाल्यास विचारले तर तो म्हणाला, ही तर बडोद्याचीच. काकूंनी तर्री नको म्हणून बजावले आणि नंतर दोनदा मागून घेतली.

पुढल्या आठवड्यात आम्ही सही केली. ती न करण्याचे बळ आमच्यापाशी नव्हते, हे मान्य केलेले बरे. खोल्यांची किल्ली मात्र काकूंनी दिली नाही. "कुलूप ते तोडतीलच," एवढेच म्हणाल्या. ती त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा गावांतील आमच्या वाचकांच्याही आप्तांचे असे वाडे असतील, आणि कोठेतरी एक सही राहिली असेल. ती करण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील व्यक्तीस व सर्वांत धाकट्या व्यक्तीस बरोबर घेऊन एक दिवस त्या गल्लीत घालवावा, इतकीच विनंती. सकाळी लवकर निघावे, पायांत जुन्या चपला असाव्यात, आणि चूल कोठे होती हे विचारावयास विसरू नये.