रोहण्याच्या गॅरेजातली एक सकाळ

पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात, की वाटेत रोहणा लागतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याचं हे गाव म्हणजे माझं माहेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीन. दिवाळीच्या सुमारास या, म्हणजे फुटलेल्या कपाशीने शेतं पांढरी दिसतील. उन्हाळ्यात मात्र येण्याआधी विचार करा, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो!

पूर्वी या भागातून एक चिमुकली रेल्वे धावायची. पुलगाव ते आर्वी, साधारण ३५ किलोमीटर. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १९१७ साली सुरू झालेली ही गाडी आता कधीचीच बंद पडली आहे. माझी आजी तिच्या इंजिनाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची. हा आवाज लक्षात ठेवा बरं का, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

यंदा दिवाळीला गेले, तर धाकटा भाऊ तोंड पाडून बसलेला. त्याची शंभर सीसीची मोटरसायकल २००४ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. रोज पहाटे तो गावातलं दूध गोळा करतो आणि दोन कॅन लावून पोचवायला निघतो. पावसाळ्यातल्या चिखलाने गाडीचा सायलेन्सर खालून सडला आणि त्याला भोक पडलं. कंपनीचा नवा महाग, म्हणून त्याने बाजारातला दुसऱ्या बनावटीचा आणला. रात्री अंगणातल्या बल्बखाली स्वतःच बसवून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचे नखरे सुरू! ॲक्सिलेटर सोडला की मागून फटाके वाजल्यासारखा फट् फट् आवाज. चढावर ओढताना गाडी अडखळायची. इंजिन तर इतकं तापायचं, की शेजारी उभं राहिलं तरी धग लागायची. एके दिवशी गाडी वाटेतच बंद पडली. दूध वेळेवर पोचलं नाही, म्हणून परत आलं. त्या दिवशी आमच्या आळीत घरोघरी फुकट दूध आणि भावाच्या खिशाला खार!

“ताई, इंजिनचं काम निघालं तर मेलो मी,” तो म्हणाला. इंजिनचं काम म्हणजे हजारोंचा खर्च. दोन म्हशींचं कर्ज अजून फिटायचं होतं.

आम्ही रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो. मला खरं तर काही कळत नव्हतं, पण शिक्षकाला बघायची खोड असतेच. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. “थंडी होऊ द्या जी आधी,” म्हणाले आणि चहा मागवला.

तापलेल्या सायलेन्सरचा चटका तुमच्यापैकी कितीजणांच्या पोटरीवर आहे? माझ्या वर्गात तिघांच्या! चटका बसला की त्यावर टूथपेस्ट चोपडू नका. पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याची धार सोडा.

चहा होईपर्यंत मी विचारलं, “मिस्त्री, सायलेन्सर तर धूर बाहेर सोडायची नळी. ती बदलली म्हणून गाडी अडखळायला काय झालं?”

ते हसले. “मॅडम, नाक बंद करून पळून पाहा. श्वास सोडता नाही आला, तर घेता येईल का?”

इंजिनाचंही तसंच असतं. ते हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढतं, दाबतं, ठिणगीने पेटवतं आणि जळलेला वायू बाहेर फेकतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर हे फेकणं सेकंदाला २५ वेळा होतं. प्रत्येक फेक म्हणजे एक छोटा धमाका. हे धमाके सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांतून, भोकांतून फिरत फिरत शांत होतात.

आता आजीची आगगाडी आठवा. कोळशाच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडत. म्हणून तर तो छुक् छुक् आवाज! पण ती वाफ जाताना भट्टीतला धूरही ओढून नेई आणि त्याच्या जागी भट्टीत ताजी हवा येई. जितकी वाफ जोरात बाहेर, तितकी आग जास्त फुललेली. म्हणजे बाहेर जाणाऱ्याचा आत येणाऱ्याशी संबंध तेव्हाही होताच.

आता हिशेब पाहा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १५ किलो हवा लागते. १५ किलो हवा किती? दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली भरून! हे प्रमाण राखायचं काम कार्बोरेटर करतो. त्यात पितळेचे बारीक भोकाचे तुकडे असतात, त्यांना जेट म्हणतात. भोक केवढं, त्याचा नंबर जेटवर कोरलेला असतो. भावाचा नवा सायलेन्सर आतून जरा मोकळा होता. इंजिन जास्त मोकळा श्वास घेऊ लागलं, पण जेट जुनाच. हवा वाढली, पेट्रोल त्या मानाने कमी पडलं. भाजीत पाणी वाढवलं आणि तिखट-मीठ तेवढंच ठेवलं, तर काय होईल? मिस्त्री अशा मिश्रणाला ‘लीन’ म्हणतात. त्याने गाडीची ओढ कमी होते आणि इंजिन तापतं. तसंच बरेच दिवस चालवलं, तर पिस्टनसुद्धा खराब होऊ शकतो.

मग फटाके कशाचे? गाडी थंड झाल्यावर मिस्त्रींनी वाटीत साबणाचं पाणी केलं. इंजिन चालू करून लगेच पाइपच्या वरच्या जोडावर ते शिंपडलं. बुडबुडे! म्हणजे जोड गळत होता. तिथून बाहेरची हवाही आत शिरायची आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्येच पेट घ्यायचं.

“रिंग बदलली होती का?” मिस्त्रींनी विचारलं.

भाऊ गप्प. इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये एक रिंग असते. ती एकदा दबली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. काही रुपयांची वस्तू! भावाने जुनीच ठेवली होती. शिवाय त्याने मागचा बोल्ट आधी करकचून आवळला आणि पुढचे दोन नट नंतर ओढून बसवले. त्यामुळे जोड तिरपा बसला.

मिस्त्रींनी पाइप उतरवला. गंजलेल्या नटांवर आधी तेल सोडून थांबले, कारण जोर केला तर स्टड तुटतो आणि काम भलतंच वाढतं. नवी रिंग घातली. सगळे नट-बोल्ट आधी हातानेच सैल लावले. मग पुढचे दोन नट आळीपाळीने, थोडे इकडे, थोडे तिकडे. शेवटी मागचा बोल्ट. पुन्हा साबणाचं पाणी. एकही बुडबुडा नाही!

आता प्लग काढला. तो तुम्हीही कधी पाहा. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर मिश्रण बरोबर. काजळी धरली तर पेट्रोल जास्त. भावाचा प्लग चुन्यासारखा पांढरा होता. मिस्त्रींनी डबीतून एक नंबर मोठा जेट काढून बसवला. इंजिन गरम झाल्यावर कार्बोरेटरचा बारीक स्क्रू कणाकणाने फिरवला आणि जिथे आवाज सर्वांत एकसारखा लागला, तिथे सोडून दिला. त्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. गवई तंबोरा लावतो ना, अगदी तसे!

हे सगळं उघड्यावर चाललं होतं, हे मुद्दाम सांगते. बंद खोलीत इंजिन कधी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, पण तो जीव घेऊ शकतो.

तेवढ्यात एक पोरगा नवी कोरी मोटरसायकल घेऊन आला. कॉलेजातला असावा. हातात चकचकीत सरळ नळकांडं. “काका, हा लावून द्या. सगळ्या गावाला ऐकू गेला पाहिजे.”

“नाही लावत,” मिस्त्री म्हणाले.

“काहून जी? पैसे देतो ना!”

मिस्त्रींनी त्याला शेजारी बसवलं. एप्रिल २०२० पासून आलेल्या अशा बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो. धुराच्या पाइपात एक सेन्सर असतो. किती ऑक्सिजन उरला ते तो गाडीच्या छोट्या संगणकाला कळवतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. सायलेन्सरच्या आत जाळीसारखा एक भागही असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो विषारी वायूंचं बरंचसं रूपांतर कमी घातक वायूंत करतो. सरळ नळकांडं लावलं, की कन्व्हर्टर गेला, सेन्सरला जागा नसली तर संगणक आंधळा झाला आणि ताकद वाढायची तर राहिली बाजूलाच! आणखी कायदा आहेच. सायलेन्सर टाळून धूर सोडला, तर पहिल्या खेपेला १,००० रुपये दंड, पुढच्या खेपेला २,०००. आवाजाची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, कधी दोन्हीही.

मीही तोंड घातलं. “बाळा, आमच्या शाळेसमोरून अशी एक गाडी जाते. तीस मुलं एकदम मान वळवतात आणि गुणाकारातला हातचा विसरतात.” शाळेभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र असू शकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो जरा चिडूनच निघून गेला. दुसरीकडे कुठे लावून घेतलं की नाही, देव जाणे.

भावाने गाडीची चाचणी घेतली. चढावर अडखळली नाही. दुपारी पीयूसी केली. त्याच्या वयाच्या गाडीला धुरातला कार्बन मोनॉक्साइड शेकडा साडेतीनपर्यंत चालतो. गाडी पास झाली! आवाज मात्र जुन्यापेक्षा किंचित जाड आहे. आई अजून कुरकुरते. मिस्त्री म्हणाले, “पैसे साठले की कंपनीचाच घ्या, आणि तेव्हा जुना जेट परत बसवायला या.” तो जेट भावाने कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली. अंगणात कॅनची कडी वाजली, किक बसली आणि गाडी कपाशीच्या शेतांमधून पुलगाव रस्त्याकडे निघून गेली. एकदाही फट् झालं नाही.