नवसाचा विश्वास आणि दोन दुष्काळ

प्रिय ताई,

टंचाईच्या दिवसांत विश्वास टिकतो तो कशाच्या बळावर, असं तू विचारलंस. 'धीर धर, प्रार्थना कर' हे उत्तर मंडळीत तुला कितीदा तरी मिळालं असेल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मला वाटतं, उपासमारीत मोडतो तो देवाशी केलेल्या देवाणघेवाणीचा विश्वास. जो देवापुढे मोकळेपणाने गाऱ्हाणं घालतो आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी हातपाय हलवतो, तो तगतो. पुरावा म्हणून एकच आयुष्य तुझ्यापुढे ठेवतो, पंडिता रमाबाईंचं. कारण त्यात दोन दुष्काळ आहेत.

पहिला १८७०च्या दशकातला, मद्रास इलाख्यातला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जवळचं होतं नव्हतं ते तीर्थयात्रा, अनुष्ठानं आणि दानधर्मात घातलं होतं. गाठीचं संपल्यावर मोलमजुरी करणं विद्वान घराण्याच्या अभिमानात बसेना. झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली. वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. आईला स्मशानात न्यायला खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. एवढी व्रतं करूनही देव बोलले नाहीत, आणि जुन्या श्रद्धेला तिथेच तडा गेला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुसरा दुष्काळ १८९६-९७चा. तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० निराधार मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, केडगावच्या जमिनीवर पुरेसं छप्पर नाही, आणि अमेरिकेतल्या साहाय्यक मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेला मदतीचा शब्द संपत आलेला. हिशेब पाहणाऱ्याने दार लावून घेतलं असतं. रमाबाईंनी ते उघडं ठेवलं, आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात या मुली शेती करत, माग चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. पहिल्या दुष्काळात हातचं काम घराण्याला कमीपणाचं वाटलं होतं. इथे तेच प्रार्थनेच्या बरोबरीने दिनक्रमात आलं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा बदल.

यावर कोणी म्हणेल, ही हिंदू श्रद्धेची निंदा झाली. तसं नाही. तुकोबांचं घरही दुष्काळाने उद्ध्वस्त केलं होतं, आणि त्यांची भक्ती त्यातून उजळूनच निघाली. उलट देवाणघेवाणीचा धर्म आपल्याच बाकांवर बसलेला आहे. दशमांश दिला की आशीर्वाद दुप्पट परत येतो, असं सांगणारे प्रचारक नवसच शिकवत असतात. पीक गेलं, नोकरी गेली, की त्यांचा श्रोता एक तर देवाला लबाड ठरवतो किंवा स्वतःला पापी. पवित्र शास्त्रात तिसरी वाट आहे. हबक्कूक गाऱ्हाण्यानेच सुरुवात करतो; गोठे रिकामे पडले तरी देवाठायी आनंद करण्याची भाषा तो अगदी शेवटी बोलतो. ईयोबाला तर देव स्वतःच उचलून धरतो. त्याला गप्प करू पाहणारे मित्र मात्र बोलणी खातात. त्यामुळे तू देवाला जाब विचारलास तर तुझा विश्वास ढळला असं मी मुळीच मानणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दुसऱ्या दुष्काळात रमाबाई देणाऱ्या होत्या, उपाशी नव्हत्या. मग ही तुलनाच कशी टिकावी? हे खरं आहे, आणि एका आयुष्याचा पुरावा इथे तोकडा पडतो. म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढ. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः अठराविश्वे दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी देण्याची संधी त्यांनी पौलाकडे आग्रहाने मागून घेतली. आधी सुबत्ता आणि मग औदार्य, असा क्रम तिथे नाही. मात्र हा अध्याय उपाशी माणसाला ऐकवून त्याच्याकडून वर्गणी काढायला वापरला, तर तो अन्याय होईल. पौल त्याच अध्यायात सांगतो की जवळ असेल त्याप्रमाणे द्यावं.

राहिला जुना टोमणा, 'पोटासाठी बाटले'. दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी काही धान्यासाठीच आले असतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भाकरीसाठी येणं हे लाजेचं कारण का मानावं? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलीच आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक भाकरीसाठी मागे लागले म्हणून येशू त्यांची कानउघाडणी करतो, पण आदल्या दिवशी त्यांना पोटभर जेवू घातल्यावर. आणि जेवताना कोणाचाही हेतू तपासलेला नव्हता. तुमच्या मंडळीत धान्यवाटप ठरलं, तर यादी करताना उपासनेची हजेरी पाहू नये, एवढं पाळकसाहेबांना माझ्या वतीने सांग.

तुझा भाऊ