धक्क्यावर राहिलेला भाऊ

परवा पेपरची पानं सोडून रात्री बाराला घरी आलो. झोप येईना, म्हणून 'सिंग स्ट्रीट' लावला. जॉन कार्नी या आयरिश दिग्दर्शकाचा, २०१६ चा पिक्चर. मित्र म्हणाला होता, मूड फ्रेश होईल. झाला. पण एका जागी घास अडकावा तसं झालं.

गोष्ट १९८५ च्या डब्लिनची. बेकारी इतकी की पोरं बोटीत बसून लंडन गाठतायत. घरात पैशाची ओढाताण, म्हणून कॉनरला स्वस्तातल्या शाळेत घातलंय. तपकिरी बूट घातले म्हणून हेडमास्तर हात धुऊन मागे लागतो. (आयर्लंडमध्ये शाळेतल्या मारावर १९८२ लाच बंदी आली होती. या हेडमास्तरला त्याचा पत्ता नाही!) एका मुलीपुढं शायनिंग मारायला कॉनर सांगतो, आमचा बँड आहे. बँड कुठला? मग जमवतो.

त्याचा गुरू म्हणजे थोरला भाऊ ब्रेंडन. कॉलेज सोडून घरी बसलेला. ड्युरान ड्युरान, द क्युअर, जो जॅक्सन अशा रेकॉर्डी हातात देतो आणि पोराचे केस, कपडे रेकॉर्डीप्रमाणे बदलत जातात. पुढं डोळ्यांत काजळसुद्धा येतं.

शाळेच्या हॉलमध्ये व्हिडिओ शूट करायचा असतो. मोजकीच पोरं, धड नाचता येत नाही. कॉनरच्या डोळ्यांपुढं मात्र हॉल भरलेला. वेगळे होऊ घातलेले आईबाप एकत्र नाचतायत, भाऊ मोटरसायकलवर येतोय. त्या देशात घटस्फोटाला मुभा मिळाली ती १९९५ च्या जनमतानंतर. हे माहीत असलं की तो नाच बघवत नाही.

आणि मग ब्रेंडन फुटतो. म्हणतो, या घरातली वाट आधी मी तुडवली, तू माझ्या मागून आयता आलास. मी इथं पिक्चर थांबवला.

आमच्याकडंही मी थोरला. पत्रकारितेचा डिप्लोमा करून इथंच राहिलो. धाकट्याला रात्रीच्या एसटीत बसवलं, तेव्हा खिडकीतून त्याला पाचशे दिले आणि वरून दम दिला, परत येऊ नकोस म्हणून. आता तो पुण्यात. बाहेर गेलेल्यांचे सत्कार मीच छापतो, फोटोसकट. बसमध्ये बसवून देणाऱ्यांची बातमी वीस वर्षांत एकदाही केली नाही.

शेवटी कॉनर आणि ती मुलगी आजोबांच्या छोट्या बोटीतून समुद्र पार करायला निघतात. धक्क्यावर ब्रेंडन आनंदानं उडी मारतो. एकटाच.

सकाळी धाकट्याला फोन केला.

"दादा, इतक्या लवकर? आई बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं. पिक्चरचं नाव तेवढं सांगितलं.