‘झालें असेल’ : फ्रेंच भाषेंतील एका काळाविषयीं

परकी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास शब्दांपेक्षां काळांचें भय अधिक वाटतें. शब्द कोशांत सांपडतात. काळ मात्र बोलणाराच्या मनांत शिरल्यावांचून सांपडत नाहींत. आम्हीं फ्रेंच भाषा घेतली त्या वर्षीं वर्तमान व भूत हे दोन काळ कसेबसे अंगवळणीं पडले होते, तोंच पुस्तकाचें पान उलटलें आणि एक नवा काळ पुढें उभा राहिला. इंग्रजी व्याकरण शिकतांना ज्यास आपण पूर्ण भविष्यकाळ म्हणतों, त्याचाच हा फ्रेंच भाऊ. फ्रेंच लोक त्यास ‘फ्युत्यूर आंतेर्यर’ म्हणतात. आंतेर्यर म्हणजे आधींचा. ‘आधींचें भविष्य’ हें नांव ऐकून वर्गांत हंशा पिकला. जें अजून यावयाचें तें आधींचें कसें? परंतु नांव अगदीं यथार्थ आहे. दोन गोष्टी पुढें घडावयाच्या असतात, आणि त्यांतली एक दुसरीच्या आधीं आटोपलेली असणार असते. त्या आधीं आटोपणाऱ्या गोष्टीस हा काळ लागतो.

त्याची रचना सोपी आहे. फ्रेंच भाषेंत दोन साहाय्यक क्रियापदें आहेत : ‘आव्वार’ म्हणजे जवळ असणें, आणि ‘एत्र’ म्हणजे नुसतें असणें. यांपैकीं एकाचें साध्या भविष्यकाळाचें रूप घ्यावयाचें व त्यापुढें मुख्य क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित ठेवावयाचें. ‘झोरे फिनी’ म्हणजे मीं संपविलें असेल. ‘इल ओरा फिनी’ म्हणजे त्यानें संपविलें असेल. बहुतेक क्रियापदें आव्वारचा हात धरतात. जाणें, येणें, निघणें, पोहोंचणें, जन्मणें, मरणें अशीं थोडीं क्रियापदें आणि सर्व आत्मवाचक क्रियापदें मात्र एत्रकडे जातात : ‘इल सरा पार्ती’, तो निघून गेला असेल.

येथवर कोणासही अडचण पडत नाहीं. अडचण येते ती धातुसाधिताच्या लिंगवचनाची. एत्रबरोबर धातुसाधित कर्त्याप्रमाणें चालतें. ‘ती निघून गेली असेल’ असें लिहावयाचें झाल्यास ‘पार्ती’च्या शेवटीं स्त्रीलिंगाचें एक मुकें अक्षर जोडावें लागतें. आव्वारबरोबर तें सामान्यतः बदलत नाहीं; पण कर्म जर आधीं येऊन बसलें, तर तें कर्माप्रमाणें बदलतें. ‘ले लेत्र क झोरे एक्रीत’ म्हणजे जीं पत्रें मीं लिहिलीं असतील तीं. फ्रेंचांत पत्र हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून येथें ‘एक्री’चें ‘एक्रीत’ झालें. सोळाव्या शतकांत क्लेमां मारो या कवीनें इटालियन भाषेचा दाखला देऊन हा नियम आपल्या शिष्यांना पद्यांत सांगितला, आणि तेव्हांपासून फ्रान्समधील शाळकरी मुलें त्याच्या नांवानें सुस्कारे टाकीत आलीं आहेत.

परंतु, विद्यार्थिमित्रांनो, मराठी मुलास यांत नवल तें काय? तो गेला, ती गेली. त्यानें आंबा खाल्ला, त्यानें पोळी खाल्ली. गमन करणारें क्रियापद कर्त्याच्या मागें जातें, आणि भूतकाळीं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागें जातें, हें आपण आईच्या मांडीवर शिकलों. कर्तरि व कर्मणि प्रयोग हीं नांवें मागाहून कळलीं, एवढेंच. जो नियम इंग्रज मुलास घोकावा लागतो, त्याची अर्धी वाट आपण बोबडे बोलतांनाच चालून आलेले असतों.

या काळाच्या पोटांत आणखी एक जुनी गोष्ट दडलेली आहे. फ्रेंच भविष्यकाळाचे प्रत्यय स्वतंत्र प्रत्यय नव्हेत. तीं आव्वार क्रियापदाचींच वर्तमानकाळचीं झिजलेलीं रूपें होत. उत्तरकालीन लॅटिन भाषेंत लोक ‘मी गाईन’ याऐवजीं ‘गाणें माझ्याजवळ आहे’ अशा वळणानें बोलूं लागले, आणि तें ‘आहे’ शेवटीं धातूस चिकटून बसलें. आपणही ‘मला गावयाचें आहे’ असें म्हणतोंच. म्हणजे त्या भाषेचें भविष्य हें मुळांत अंगावर असलेलें काम होतें. ‘झोरे फिनी’ यांत तर आव्वार दोनदां आला आहे : एकदां धातु म्हणून, एकदां प्रत्यय म्हणून. काम अंगावर आहे, आणि तें पुरें करून हातीं घेतलेलेंही असणार आहे, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत भरले आहेत.

आतां उपयोग पाहूं. ‘माझें काम झालें म्हणजे मी येईन’ असें आपण सहज म्हणतों. पहिल्या वाक्यांत भूतकाळ, दुसऱ्यांत भविष्य. फ्रेंच मनुष्य तेथें ‘काँ झोरे फिनी, झ व्यँद्रे’ म्हणतो. ‘काँ’ म्हणजे जेव्हां. काम अजून झालेलें नाहीं, म्हणून त्यास भूतकाळ लावणें त्याला पटत नाहीं. दोन्ही क्रिया तो भविष्यांतच मांडतो आणि त्यांतली पुढची कोणती, मागची कोणती, हें रूपानें दाखवितो. ‘होतांक्षणींच’ या अर्थाच्या ‘दे क’ या शब्दांनंतरही हाच नियम आहे. मात्र अट घालणारा ‘सी’, म्हणजे ‘जर’, आला कीं सारें पालटतें. आपण ‘जर तुझें काम झालें असेल तर ये’ असें म्हणतों. फ्रेंचांत त्या ‘सी’नंतर भविष्यकाळाचें कोणतेंच रूप चालत नाहीं, तेथें ‘सी त्यू आ फिनी’ असा भूतकाळच हवा. मराठी मुलानें सर्वांत अधिक सावध राहावयाचें स्थळ हेंच. शिक्षक आम्हांस सांगत, “‘जेव्हां’ म्हणणारानें गोष्ट घडणार असें धरलेलें असतें, ‘जर’ म्हणणारानें तसें धरलेलें नसतें. धरलेलें नाहीं त्याला भविष्य देऊं नये.” परीक्षेसाठीं हें वाक्य आम्हांस फार उपयोगीं पडलें, आणि परीक्षेबाहेरही पडत आहे.

या काळाचा दुसरा उपयोग अनुमानाचा. ठरल्या वेळीं मित्र आला नाहीं, तर फ्रेंच मनुष्य म्हणतो, ‘इल ओरा मांके सों त्रें’, त्याची गाडी चुकली असेल. येथें भविष्याचा संबंध एवढाच कीं, खरें काय तें पुढें कळेल. मराठींतही हीच रूपें, हाच अर्थ. हा धडा चालू असतां तो आमच्या घरीं रोज कानीं पडत होता. आमचे थोरले बंधू जहाजावर नोकरीस होते. त्या वर्षीं वैशाखापासून त्यांचें पत्र नव्हतें. आई दिवेलागणीस म्हणे, “दादाचें जहाज बंदराला लागलें असेल. पत्र टाकलें असेल त्यानें. वाटेंत कुठें अडकलें असेल.” वडील कांहीं बोलत नसत, टपालाची वेळ झाली कीं गॅलरींत जाऊन उभे राहात. आईच्या त्या तीन वाक्यांना पुरावा कांहींच नव्हता. पण तीं म्हटल्यावांचून चुलीपाशीं तिचा हात चालत नसे, आणि तीं ऐकल्यावांचून आम्हां भावंडांना घांस उतरत नसे. आमच्या वहींत ज्यास अनुमानार्थ म्हणून लिहिलें होतें, त्यावर एक अख्खें घर तीन महिने उभें होतें.

पत्र गणपतीच्या दिवसांत आलें. उन्हाळ्यांत आम्हीं बिऱ्हाड बदललें होतें, त्यामुळें तें जुन्या चाळीस जाऊन, तेथून एका नातलगाकडे जाऊन, दोन पत्ते खोडलेले व तिसरा लिहिलेला अशा रूपानें आमच्या दारीं पोहोंचलें. पाकिटावर मार्सेय बंदराचा शिक्का होता, आणि तो जून महिन्याचा होता. म्हणजे आषाढांत आई ज्या ज्या संध्याकाळीं ‘पत्र टाकलें असेल’ असें म्हणाली, त्या त्या संध्याकाळीं तें वाक्य अक्षरशः खरें होतें. वडिलांनीं शिक्का दोनदां वाचला व पाकीट आईच्या हातीं दिलें. तिला अक्षर ओळखतां येत नव्हतें. तिनें तें नुसतें उलटसुलट करून पाहिलें.

धातुसाधितांचा हा पाठ एका प्रसिद्ध फ्रेंच कथेंतही आला आहे. १८७१ सालीं फ्रँकफुर्टच्या तहानें अल्सेस प्रांत व लॉरेनचा कांहीं भाग जर्मनीकडे गेला. त्यानंतर आल्फाँस दोदे यानें ‘शेवटचा वर्ग’ या अर्थाच्या नांवाची कथा लिहिली. ती १८७३ सालीं त्याच्या कथासंग्रहांत प्रसिद्ध झाली. अल्सेसमधला एक मुलगा धातुसाधितांचे नियम पाठ न करतां शाळेंत येतो, आणि त्याला कळतें कीं उद्यांपासून येथें फ्रेंच शिकविली जाणार नाहीं. नियम त्याला म्हणतां येत नाहींत, आणि मास्तर रागावत नाहींत. ‘पुढें करूं’ म्हणून ठेवलेलें काम पुढें करावयास जागाच उरली नाहीं, हें त्या मुलाला एका सकाळींत कळतें. आपल्या काळाच्या भाषेंत सांगावयाचें तर, ‘तोंवर मीं पाठ केलें असेल’ असें तो म्हणत राहिला, आणि तें ‘तोंवर’ दारांत येऊन उभें राहिलें.

वाचकहो, वार्षिक अंक वर्षांतून एकदांच निघतो. पुढचा अंक हातीं येईल तेव्हां आपल्यांपैकीं कित्येकांनीं शाळा सोडली असेल. कोणी परगांवीं गेलें असेल, कोणाच्या घरीं कोणी परत आलें असेल. विद्यार्थ्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, ‘तोंवर हें झालें असेल’ असें एखादें तरी वाक्य आज वहींत लिहून ठेवावें व त्यापुढें तारीख घालावी. आणि आईबापांस विनंती ही कीं, मुलगा दूर असला व पत्र आलें नाहीं, तर ‘टाकलें असेल’ म्हणण्यास संकोचूं नये. मुलांनीं मात्र तें खरेंच टाकलेलें असावें.